निनावे, भा.

नवतपा चालू आहे. वरच्या मजल्यावर
कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही
आणि मी तळटिपा सोडवत बसले आहे,
गुंता सोडवतात तशा, एकेक टोक धरून.

काम असं: कोणत्या पुस्तकाने
कोणत्या पुस्तकाचा हवाला दिला
ते यंत्राला समजेल असं सांगायचं.
यंत्राला तीन शब्दांचं वाक्य लागतं.
हे. उद्धृत करतं. ते.
क्रियापद मधोमध, पुलासारखं.
आपल्याकडे ते शेवटी येतं,
तोवर कर्ता आणि कर्म
एसटीच्या फलाटावर ताटकळल्यासारखे
एकमेकांकडे बघत असतात.
महिना झाला, सवय लागली.
घरीसुद्धा मनात तसंच उमटतं:
मुलगा. विसरला. डबा.

मग ती अकरा पुस्तकं लागली.
विणकरांवरचे प्रबंध, एक स्मरणिका,
पुण्याहून आलेला एक जाडा इतिहास.
अकराही जण एकच ओळ देतात,
'किनारीची वही', पान चौदा,
इतवारीत छापलेली बत्तीस पानी चोपडी, किंमत दोन आणे:
"धागा तुटला तर थुंकी लावून पीळ द्यावा.
सांध असावी, दिसू नये."

(एकाने थुंकीचं पाणी केलं आहे.
त्याच्यानंतरच्या चौघांकडेही पाणीच.
कोण कोणाचं बघून लिहितो
ते असं कळतं.)

पहिल्या दोघांत लेखक: निनावे, भा.
तिसरा तो जाडा इतिहास. तिथे: अनामिक.
पुढे सगळीकडे अनामिक.

उठले. कार्डांचे खण
आम्ही अजून टाकलेले नाहीत,
त्यांच्यावर चहाचे कप ठेवतो.
'न'चा खण अडकतो, गुडघा लावावा लागतो.
कार्ड होतं.
निनावे, भागीरथा. १९३७.
आणि मागे लाल शाईत,
उमाठ्यांच्या उभ्या अक्षरात:
आडनाव आहे. विशेषण नाही.

उमाठे मी पाहिले नाहीत.
सायकलने येत, म्हणतात,
आणि चूक सापडली की त्या दिवशी
डबा तसाच परत नेत.
ही चूक त्यांनी सांगायची कोणाला?
कार्ड खणाबाहेर जात नाही.

वही शेल्फवर आहे.
चौदावं पान वाळवीने नेलं,
तेरानंतर थेट पंधरा.
म्हणजे बाईचं ते वाक्य
आता तिच्या घरात राहत नाही,
अकरा घरी भाड्याने राहतं.

मी तिला क्रमांक दिला.
लांबलचक, बेचव, पण तिचा एकटीचा.
भा. निनावे त्याला बांधली,
भागीरथा बांधली,
नऊ अनामिक एकेक करून बांधले.
हीच ती. हीच ती. हीच ती.
(थुंकी लावली नाही. कीबोर्ड सरकारी आहे.)

प्रशिक्षणाला आलेला चेतन ठवकर
खांद्यावरून बघत होता.
"मॅडम, आमच्या पाचपावलीत
अर्धी गल्ली निनाव्यांचीच आहे जी.
काहून कोणी विचारलं नाही?"
मी पाणी प्यायले.

जन्मसाल माहीत नाही. रकाना रिकामा सोडला.
रिकामं म्हणजे 'नव्हतं' असं नाही,
एवढं या यंत्राला कळतं.
माणसांना शिकवायला वेळ लागतो.

लाल शाईसाठी मात्र रकाना नव्हता.
शेवटी 'टीप'मध्ये उतरवलं:
आडनाव आहे. विशेषण नाही.
यंत्राने विचारलं, स्रोत?
लिहिलं: उमाठे. कार्डाची मागची बाजू.
यंत्राने विचारलं, उमाठे कोण?

पूर्ण नाव आमच्यात कोणालाच ठाऊक नाही.
पानठेल्यावर एक म्हातारे शिपाई बसतात.
चेतन खाली विचारायला गेला आहे.